भिंतींवरील दफ्तर

मेक्सिको शहराच्या मध्यवर्ती चौकात उभे राहिले असता आपल्या पायांखाली एक दुसरे नगर गाडलेले आहे, ही जाणीव प्रवाशाला फार वेळ टाळता येत नाही. आज जेथे कॅथेड्रल, राष्ट्रीय राजवाडा आणि सरकारी कचेऱ्या दाटीने उभ्या आहेत तेथे पाचशे वर्षांपूर्वी, तेष्कोको सरोवराच्या मध्यभागी, बांधांनी काठाशी जोडलेले आणि कालव्यांनी विभागलेले तेनोच्तित्लान हे अस्तेकांचे राजनगर होते. 13 ऑगस्ट 1521 रोजी ते हर्नान कोर्तेस या स्पॅनिश सरदाराच्या व त्याला मिळालेल्या स्थानिक राज्यांच्या फौजांपुढे पडले, त्याच्या मंदिरांचे चिरे काढून जेत्यांनी आपली चर्चे आणि वाडे उठवले, आणि त्या लोकांनी सालीच्या कागदावर व हरणाच्या कातड्यावर चितारून ठेवलेल्या बखरी, वंशावळी व पंचांगे यांतील बहुतेक सर्व पाद्र्यांच्या धर्मोत्साहात भस्मसात झाली. 1978 साली वीज कंपनीच्या मजुरांना रस्ता खोदताना चंद्रदेवतेची एक प्रचंड कोरीव शिळा लागली, तेव्हा कुठे कॅथेड्रलच्या कुशीतले महामंदिर पद्धतशीरपणे उकरले जाऊ लागले.

जिंकलेल्यांचे दफ्तर जळाले म्हणजे पुढचा इतिहास जेत्यांच्या दफ्तरावरून लिहिला जातो, आणि त्यात रयतेची नोंद येते ती केवळ वसुलाच्या रकान्यात. ही उणीव एका चित्रकाराने विसाव्या शतकात सरकारी भिंतींवर भरून काढण्याचा प्रयत्न केला. दिएगो रिव्हेरा (1886–1957) हे त्याचे नाव. त्याची ही भित्तिचित्रे ज्या भूमीविषयी बोलतात त्या भूमीवरच, जागच्या जागी पाहावीत, या हेतूने मी हा प्रवास केला.

आरंभ चौकाच्या उत्तरेस असलेल्या सान इल्देफोन्सो या जुन्या जेसुइट विद्यालयातून करावा हे योग्य. कारण रिव्हेराचा आरंभही तेथेच झाला. ग्वानाह्वातो या चांदीच्या खाणींच्या गावी जन्मलेला हा मनुष्य 1907 साली युरोपात गेला, पॅरिसमध्ये क्यूबिझमच्या वर्तुळात त्याने नाव मिळवले आणि इटलीतील जुनी भित्तिचित्रे डोळ्यांत साठवून 1921 साली तो मायदेशी परतला. 1910 साली पेटलेली राज्यक्रांती तेव्हा नुकतीच निवली होती. नव्या शिक्षणखात्याचा पहिला मंत्री होसे वास्कोन्सेलोस याची श्रद्धा अशी होती की, ज्या देशातील बहुसंख्य प्रजा निरक्षर आहे तेथे चित्राने ग्रंथाचे कार्य केले पाहिजे. म्हणून त्याने चित्रकारांना सार्वजनिक इमारतींच्या भिंती मोकळ्या करून दिल्या आणि रिव्हेराला प्रथम युकातानमध्ये माया लोकांची चिचेन इत्सा व उश्माल ही भग्न नगरे पाहण्यास, नंतर दक्षिणेस तेवान्तेपेकच्या संयोगभूमीत पाठवले.

सान इल्देफोन्सोतील सभागृहात रिव्हेराने 1922–23 साली रंगवलेले ‘सृष्टी’ हे चित्र पाहून मला आश्चर्य वाटले ते त्यातल्या परकेपणाचे. सोनेरी वर्ख, प्रभावलये, गंभीर अप्सरा – सारे काही इटलीतल्या एखाद्या चर्चमधून उचलून आणल्यासारखे. फक्त मध्यवर्ती कोनाड्यात उष्ण कटिबंधातील घनदाट झाडी उसळलेली आहे, आणि ती त्याने तेवान्तेपेकहून परतल्यावर रंगवली. चित्रकाराचे मन युरोपातून स्वदेशात उतरताना जणू त्या कोनाड्यातच प्रथम टेकले.

तेथून पायी काही मिनिटांच्या अंतरावर शिक्षणखात्याची इमारत आहे. तिच्या दोन विस्तीर्ण चौकांभोवती तीन मजली ओवऱ्या आहेत, आणि 1923 ते 1928 या काळात रिव्हेराने व त्याच्या साहाय्यकांनी या ओवऱ्यांच्या भिंती शंभरांहून अधिक चित्रांनी भरून काढल्या. एका चौकाला श्रमाचा चौक म्हणतात, दुसऱ्याला उत्सवांचा. श्रमाच्या चौकात विणकर आहेत, रंगारी आहेत, उसाचा चरक फिरवणारे आहेत, शेतात वर्तुळ करून बसलेल्या मुलांना व म्हाताऱ्यांना शिकवणारी खेड्यातली शिक्षिका आहे. खाणीतून वर आलेला एक मजूर, चांदी चोरून नेतो आहे की काय हे पाहण्यासाठी त्याची झडती घेतली जात असताना, दोन्ही हात पसरून उभा आहे. त्या पसरलेल्या हातांत क्रुसावरच्या ख्रिस्ताची आकृती ओळखू न येणारा मनुष्य त्या कॅथलिक देशात सापडणे कठीण. या खाणचित्रांबरोबर रिव्हेराने एका कवीच्या बंडखोर ओळी लिहिल्या होत्या, पण वृत्तपत्रांतून इतका गहजब झाला की त्या खरवडून काढाव्या लागल्या. चित्र मात्र टिकले. उत्सवांच्या चौकात उत्तरेकडील याकी लोकांचे हरिणनृत्य, मक्याचा सण आणि मृतांच्या दिवसाची रात्र आहे. राज्यपाल, सेनापती, बिशप यांच्यासाठी राखून ठेवलेल्या सरकारी भिंतीवर रंगारी व कुंभार येऊन बसलेले पाहून 1920च्या दशकातील सुखवस्तू नागरिकांना केवढा धक्का बसला असेल, याची कल्पना त्या ओवऱ्यांतून चालताना येते.

या चित्रांची कृतीही त्यांच्या विषयाला साजेशी आहे. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर पाण्यात कालवलेले रंग लावायचे आणि गिलावा वाळताना चुन्याचे स्फटिक बनून रंग त्यात कायमचे बद्ध व्हायचे, ही फ्रेस्कोची रीत. एका दिवसात जेवढे रंगवून होईल तेवढाच गिलावा गवंडी सकाळी लावून देतो, म्हणून चित्रकाराचा दिवस गवंड्याच्या दिवसाशी बांधलेला असतो. प्रारंभी रिव्हेराने रंगांना बांध म्हणून फड्या निवडुंगाचा चीक वापरण्याचाही प्रयोग केला, परंतु तो टिकाऊ न ठरल्याने सोडून दिला. रिव्हेरा व त्याचे सहकारी स्वतःला कलावंत न म्हणवता कारागीर म्हणवीत आणि त्यांनी आपला संघही कारागिरांचा म्हणूनच स्थापन केला.

तिसऱ्या मजल्यावर एका चित्रापाशी कोणाही मराठी माणसाने थांबावे. ‘आपली भाकर’ हे त्याचे नाव, साल 1928. एका मेजाभोवती निरनिराळ्या वर्णांची माणसे व मुले बसली आहेत, मागे डोक्यावर फळांची पाटी घेतलेली तेवान्तेपेकची स्त्री उभी आहे, आणि मेजाच्या शिरोभागी बसून भाकरी मोडून वाटणारा जो पुरुष आहे तो वर्ध्याचा पांडुरंग सदाशिव खानखोजे. गदर चळवळीचा हा क्रांतिकारक अमेरिकेत शेतीशास्त्र शिकला, पहिल्या महायुद्धात इराणच्या मुलखात इंग्रजांविरुद्ध लढला, बर्लिन आणि मॉस्को करीत 1924 साली मेक्सिकोत आला, आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात वनस्पतिशास्त्र व पीकसुधारणेचा अध्यापक झाला. सक्तीने परदेशी राहिलेल्या एका मराठी विद्वानाला, इतक्या दूरच्या देशाने आपल्या शिक्षणखात्याच्या भिंतीवर अन्नदात्याचे स्थान द्यावे, ही गोष्ट वाचून माहीत असूनही ते चित्र प्रत्यक्ष समोर आले तेव्हा मला काही क्षण पुढे जाववले नाही.

चापिंगोला जाण्याची वाट शहराच्या पूर्वेकडून, एकेकाळच्या सरोवराच्या कोरड्या तळावरून जाते. पुरांच्या भीतीने स्पॅनिश अंमलात 1607 साली पाणी बाहेर काढण्याचे काम हाती घेतले गेले, ते पुढची तीन शतके चालले, आणि शेवटी उरली ती खारट, धुळकट जमीन व दरसाल खाली खचत जाणारे एक अफाट शहर. या सपाटीपलीकडे, पोपोकातेपेत्ल व इस्ताक्सिवात्ल या हिमाच्छादित पर्वतांच्या बाजूला, पंधराव्या शतकातील कविराजा नेसावाल्कोयोत्ल याचा तेष्कोको परगणा लागतो. चापिंगो ही येथली एक मोठी जमीनदारी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती देशाच्या एका माजी अध्यक्षाच्या, मान्वेल गोन्सालेसच्या ताब्यात होती. क्रांतीनंतर सरकारने ती घेतली आणि 1924 साली कृषिविद्यालय तेथे आणले. मनुष्याचे नव्हे, जमिनीचे शोषण कसे करावे ते येथे शिकवले जाते, अशा अर्थाचे रिव्हेराच्या काळचे ब्रीद त्या संस्थेशी आजही जोडलेले आहे.

जमीनदाराचे जे खासगी प्रार्थनामंदिर होते त्याच्या भिंती व छत रिव्हेराने 1924 ते 1927 या काळात रंगवले. आत पाऊल टाकताच वेदीच्या जागी दिसते ती धरित्री: स्थूल, गर्भवती, विवस्त्र, एक हात वर उचललेली. एका बाजूच्या भिंतीवर बीजाचे रुजणे, फुलणे, फळणे. दुसऱ्या बाजूला समाजाचे पीडन, बंड आणि नवी घडी. दोन्ही कथा आमनेसामने अशा चालतात की निसर्गाचा क्रम आणि क्रांतीचा क्रम एकच आहे असे पाहणाऱ्याला वाटावे. त्यातले एक चित्र माझ्या मनात रुतून बसले आहे. मक्याच्या डोलत्या शेताखाली, जमिनीच्या पोटात, लाल वस्त्रांत गुंडाळलेले दोन पुरुष निजलेले आहेत. एक एमिलियानो झपाता, ज्याने 1911 साली खेड्यांच्या लुबाडलेल्या जमिनी परत देण्याची आयालाची योजना जाहीर केली आणि ज्याला 10 एप्रिल 1919 रोजी चिनामेका येथे दग्याने ठार मारण्यात आले. दुसरा ओतिलिओ मोन्तान्यो, त्या योजनेचा मसुदा घडवणारा खेड्यातला शिक्षक. त्यांच्या देहांवर मका उगवतो आहे.

मका हे तेथील मूळनिवाशांचे केवळ धान्य नाही. मनुष्य मक्याच्या पिठापासून घडवला गेला अशी माया लोकांची समजूत होती. मका, घेवडा व भोपळा एकाच शेतात, एकमेकांच्या आधाराने लावण्याची ‘मिल्पा’ ही पद्धत हजारो वर्षे चालत आलेली आहे. आणि मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर भिजवून, आपल्या पाट्या-वरवंट्यासारख्या दगडी ‘मेताते’वर वाटण्याची तेथील रीत अशी शास्त्रशुद्ध आहे की, तिच्यामुळे धान्यातले एक आवश्यक जीवनसत्त्व शरीराला मिळू शकते. मका युरोपात गेला आणि ही रीत मागेच राहिली, तेव्हा मक्यावरच जगणाऱ्या तिकडच्या गरिबांत पेलाग्रा नावाचा रोग फैलावला. आपल्या स्वयंपाकघरातली मिरची, टोमॅटो, पेरू, सीताफळ आणि चिकू ही सारी अमेरिका खंडाची देणगी असून पोर्तुगीज व स्पॅनिश गलबतांच्या व्यापारातून ती आपल्याकडे पोचली, हेही त्या शेतांतून हिंडताना पदोपदी आठवते. खानखोज्यांनी याच मक्याच्या सुधारित जातींवर संशोधन केले, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी मुक्त कृषिशाळा काढल्या, आणि टीना मोदोत्ती या छायाचित्रकर्तीने त्यांच्या कणसांची छायाचित्रे घेतली. रिव्हेराने त्यांना भाकरी वाटताना का रंगवले, याचे उत्तर शहरातल्या त्या ओवरीत नव्हे, चापिंगोच्या शेतात मिळते. 2022 साली त्यांचा पुतळा तेथे बसवण्यात आला आहे.

शहराच्या दक्षिणेस डोंगर चढून, पाईनच्या रानातून सुमारे तीन हजार मीटरांची खिंड ओलांडली की वाट एकदम खाली मोरेलोस प्रांतात उतरते, आणि थंडी मागे राहून बोगनवेलीने झाकलेल्या भिंतींचे, खोल घळींनी चिरलेले क्वेर्नाव्हाका शहर येते. येथे कोर्तेसचा वाडा आहे. 1529 साली स्पेनच्या राजाने कोर्तेसला ओआहाकाच्या खोऱ्याचा मार्क्विस केले आणि 23,000 रयतेसह विस्तीर्ण मुलूख सरंजाम म्हणून दिला. क्वेर्नाव्हाका त्यातच येत होते. याच परगण्यात त्याने ऊस लावला आणि चरक उभारले. देवी व इतर युरोपीय साथींनी मूळनिवाशांची गावेच्या गावे ओस पडली, तेव्हा मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबू लागले; पुढे साखरेचे भाव चढले तसे मळे गावांच्या जमिनी आणि पाणी गिळत गेले. झपाताचे बंड मोरेलोसमध्येच का पेटले, याचे मूळ त्या पहिल्या सनदेपर्यंत मागे नेता येते.

या वाड्याच्या ओवरीतील भिंतीवर रिव्हेराने 1929–30 साली मोरेलोसचा इतिहास रंगवला. खर्च दिला अमेरिकेचे तत्कालीन राजदूत ड्वाइट मॉरो यांनी, शहराला भेट म्हणून. आणि त्याच 1929 साली कम्युनिस्ट पक्षाने रिव्हेराला बाहेर काढले. चित्रकाराच्या आयुष्यातला हा अंतर्विरोध मात्र भिंतीवर उतरलेला नाही. पहिल्याच दृश्यात जग्वारची कातडी पांघरलेले योद्धे पोलादी चिलखतांतल्या स्वारांशी भिडलेले आहेत. पुढे घळ ओलांडण्यासाठी झाडाचा पूल करून चढणारे सैनिक, गुलामांवर तप्त लोखंडाचे डाग, उसाच्या मळ्यात वाकलेल्या पाठी, वेठीने हाच वाडा बांधणारे हात, धर्मन्यायालयाच्या ज्वाला, आणि अखेर पांढऱ्या घोड्याचा लगाम धरून उभा असलेला झपाता. ज्या वाड्याची गोष्ट सांगायची त्याच वाड्याच्या भिंतीवर त्याच्या दगडांचा हिशेब मांडलेला मी अन्यत्र कोठे पाहिला नाही. ओवरीतून बाहेर पाहिले की चित्रातलीच घळ, चित्रातलेच आकाश. चित्र आणि प्रदेश यांच्यामध्ये केवळ एक कठडा.

क्वेर्नाव्हाकाच्या बाजारात मला एक असा विचार भेटला की ज्याने पुढच्या चित्रांकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. तेथे दक्षिणेकडील गेरेरो प्रांतातील नावा लोक सालीच्या तपकिरी कागदावर काढलेली चित्रे घेऊन बसतात: पक्षी, लग्नाच्या वराती, मक्याची कापणी, सारे गाव एका कागदावर. जो कागद जेत्यांनी एकेकाळी जाळला तोच हा ‘आमाते’. पुएब्ला प्रांतातील ओतोमी लोकांनी तो करण्याची विद्या चारशे वर्षे जपली, आणि 1960च्या दशकारंभी गेरेरोतील कुंभारांनी मडक्यांवरची आपली नक्षी त्याच्यावर उतरवली. आपल्याकडेही याच सुमारास फार वेगळे घडले नाही. 1970च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूच्या वारली पाड्यांत गेले, भिंतीवरचे चौक आणि तारपा नृत्य कागदावर आले, आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी स्वतःच्या हाताने आपल्या लोकांचे जीवन जगापुढे मांडले. रिव्हेराने मूळनिवाशांना विषय केले. गेरेरोत आणि गंजाडमध्ये विषयानेच कुंचला उचलला.

हे मनात घेऊन मी राजधानीस परतलो आणि शेवटी राष्ट्रीय राजवाड्यात गेलो. अस्तेक सम्राट मोक्तेझुमाच्या प्रासादाच्या जागेवर उभ्या असलेल्या या वास्तूच्या भव्य जिन्यावर रिव्हेराने 1929 ते 1935 या काळात मेक्सिकन जनतेचे महाकाव्य रंगवले. मधल्या भिंतीच्या केंद्रस्थानी निवडुंगावर बसलेला गरुड आहे. राष्ट्रध्वजावर त्याच्या चोचीत साप असतो, येथे मात्र जुन्या शिल्पांत आढळते तसे युद्धाचे चिन्ह, पाणी आणि अग्नी यांची गुंफण, दिलेले आहे. उजवीकडच्या भिंतीवर क्वेत्झाल्कोआत्ल या देवराजाभोवती विणकर, कुंभार, मका पेरणारे लोक आहेत. परंतु त्याच भिंतीवर राज्यकर्त्यांसाठी कराचे ओझे वाहणारे आणि त्यांच्याविरुद्ध उठलेले लोकही आहेत. प्राचीन काळ म्हणजे निर्दोष सुवर्णयुग असे रिव्हेरा मानीत होता, हा आक्षेप त्यामुळे पुरता खरा ठरत नाही.

वरच्या ओवरीत 1942 ते 1951 या काळातली चित्रे आहेत, आणि माझ्या मते त्याच्या साऱ्या कामाचे सार येथे आहे. येथे एकेका लोकसमूहाची ओळख त्याच्या राजांवरून न होता त्याच्या हस्तकौशल्यावरून होते: पुरेपेचा लोकांचे रंगकाम, सापोतेकांचे पिसांचे व सोन्याचे काम, तोतोनाकांचे एल ताहिन नगर, वास्तेकांचा मका, आमाते कागद करणारे कारागीर, रबर आणि कोको पिकवणारे शेतकरी. 1945 सालच्या मोठ्या चित्रात त्लातेलोल्कोचा बाजार भरला आहे; भाज्या, मासे, औषधी मुळे, कापड यांच्या राशींतून नजर वर जाते तेव्हा मागे निळ्या सरोवरात तरंगणारे पांढरे तेनोच्तित्लान दिसते. स्पॅनिश पाद्री बेर्नार्दिनो दे साहागुन याने सोळाव्या शतकात नावा पंडितांकडून लिहवून घेतलेली माहिती आणि करांची चित्रलिखित नोंद ठेवणारा मेन्दोसा ग्रंथ यांच्या आधाराने हे जग पुन्हा उभे केलेले आहे. वसुलासाठी केलेल्या यादीतून त्याने बाजारातली माणसे परत मिळवली. शेवटच्या चित्रात कोर्तेस वेराक्रुसच्या किनाऱ्यावर उतरतो, कुबडा, रोगट, हिरवट चेहऱ्याचा. त्याच्या दुभाषी मालिंचेच्या पाठीवर निळ्या डोळ्यांचे मूल आहे. मालिका पुढे न्यायची होती, पण 1951 नंतर ती थांबली.

ज्या लोकांसाठी ही भिंत रंगवली ते त्या किनाऱ्यावर थांबले नाहीत. मेक्सिकोत आजही 68 मूळ भाषासमूह जिवंत आहेत, 2020च्या जनगणनेप्रमाणे 73 लाखांवर माणसे त्या बोलतात, आणि 2003च्या कायद्याने त्या राष्ट्रीय भाषा ठरल्या आहेत. 1 जानेवारी 1994 रोजी चियापासच्या माया शेतकऱ्यांनी झपाताचे नाव घेऊन उठाव केला तेव्हा त्यांनी आपले म्हणणे आपल्या तोंडाने मांडले. रिव्हेराच्या चित्रांतला मूळनिवासी बहुधा बोलत नाही. तो पेरतो, दळतो, विणतो, ओझे वाहतो. ही मर्यादा मान्य करूनही माझा आदर उणावत नाही. कारण शतकानुशतके केवळ वसुलाच्या वहीत असलेल्या माणसाला राष्ट्राच्या मुख्य जिन्यावर आणून उभे करणे, त्याच्या हातांना इतिहासाचे कर्तेपण देणे, आणि ते निरक्षरालाही वाचता येईल अशा लिपीत करणे, हे काम कोणी तरी प्रथम करावे लागते. ते झाल्यावरच पुढची नोंद त्या माणसाने स्वतः करण्याला अर्थ येतो, तिला वाचक मिळतो.

आपल्या देशातही जमाबंदीच्या कागदांत ज्यांची फक्त खाते क्रमांकाने ओळख उरली आहे असे वारली, कातकरी, गोंड, भिल्ल आहेत. त्यांच्या हातची चित्रे आपण दिवाणखान्यांत हौसेने लावतो. शाळा, कचेऱ्या व न्यायालये यांच्या भिंती त्यांच्याच हाती सोपवून, जमिनीचा व जंगलाचा आपला इतिहास त्यांनीच तेथे मांडावा, अशी मोकळीक द्यावी, हा मेक्सिकोच्या भिंतींपासून आपण घ्यावयाचा खरा धडा आहे, असे मला वाटते.